तोफेतली भाकरी

पुणतांबा
४ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास,

आशीर्वाद.

काल दुपारी साडेतीनला फरहीन तिच्या झेरॉक्सच्या दुकानातून पळत आली आणि माझ्या दारात उभी राहून, तुझ्या बेटावरून मला सरकारी पत्र आल्याचं तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. एरवी लिहिलं नसतं. दोन दिवाळ्या तुझा फोन नाही.

पत्र इंग्रजीत आहे आणि तूच दिलेल्या फरहीनच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं आहे. मायना असा: 'प्राध्यापक डॉक्टर रोहिणी धनवटे, अहमदनगर.' मी प्राध्यापक नाही. डॉक्टर तर नाहीच. पुणतांब्याच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेली मी एक बी.ए. बी.एड. बाई आहे, आणि आपल्या सख्ख्या आत्याचं शिक्षण काय हे तुला माहीत आहे.

मजकूर थोडक्यात असा. आपले भाचे व शिष्य श्री. अमृत हे आमच्या पोर्तो मान्सो गावात परवानाधारक गाइड आहेत. गावाच्या टोकाला जी पडकी भिंत आहे तो किल्ला होता, आणि सन १५९५ मध्ये 'राणी शांदा' हिने तिथे इंग्रज चाच्यांशी लढाई केली, असं ते पाहुण्यांना सांगतात. दारूगोळा संपल्यावर राणीने तोफेतून आधी सोन्याची नाणी व नंतर खाद्यपदार्थ डागले म्हणे. आधार विचारला की आपलं नाव देतात. एका पाहुण्याने तक्रार केली आहे. त्यामुळे त्यांचा गाइडचा बिल्ला आम्ही ठेवून घेतला असून २८ फेब्रुवारीच्या बैठकीत तो परत द्यायचा की कायमचा काढून घ्यायचा ते ठरेल. तरी हे खरं की खोटं, ते आपण कळवावं.

नववीत मी तुला इतिहासात चौतीस गुण दिले होते. तुझी आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. त्या एका गुणाबद्दल मला कधीमधी वाईट वाटायचं. कालपासून वाटेनासं झालं आहे.

मला तीन गोष्टी कळव. तू हॉटेलातली चांगली नोकरी सोडून गाइड कधी झालास? ही शांदा म्हणजे आपली चांदबीबी आहे का? आणि नगरचा किल्ला तू अटलांटिक महासागरात का नेलास?

हे पत्र हाताने लिहिलं आहे. फरहीन फोटो काढून पाठवेल. तूही हाताने लिही. मोबाईलवर बडवलेलं मी वाचणार नाही.

तुझी आत्या,
रोहिणी


पोर्तो मान्सो, साल बेट, केप व्हर्दे
७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

अक्षर वाईट आहे, रागावू नका. इथे वारा एवढा आहे की कागदावर एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला माझं कोपर ठेवून लिहितोय.

हॉटेल सोडून दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही कारण तुम्ही 'का' विचारलं असतं.

आता सांगतो. इथे मोठमोठी हॉटेलं आहेत. पाहुणा विमानातून उतरला की त्याच्या हातात प्लास्टिकचं कडं घालतात. कडं असलं की जेवण, बिअर, नाच, पोहणं सगळं आतच. सात दिवस तो माणूस कंपाउंडच्या बाहेर पाऊल टाकत नाही. मी नऊ वर्षं आत बुफेवर उभा होतो. खिडकीतून हे गाव दिसायचं. दोन किलोमीटर. तिथल्या बायका रोज रस्त्याकडे तोंड करून बसायच्या, आणि कोणी यायचं नाही. आत्या, शिर्डीला एवढी माणसं उतरतात, त्यातली पुणतांब्याला किती येतात? तेच हे.

म्हणून मी परवाना काढला आणि पाहुण्यांना गावात आणायला लागलो. पहिल्या दिवशी सहा जण आले. गावात दाखवायला काय, तर कमरेएवढी दगडाची भिंत. एका जर्मन बाईने विचारलं, इथे काय झालं होतं? मला माहीत होतं, मिठाची पोती ठेवायचे. मी तसं म्हणालोसुद्धा. तिचं तोंड असं झालं, जणू मी तिच्या जिभेवरच मीठ ठेवलं. सगळे बसकडे वळले. आणि तेवढ्यात माझ्या तोंडातून तुमचा आवाज निघाला. शपथ. 'कान इकडे! ती बुरूज ढासळलेला बघते आणि तलवार उपसून भिंतीवर उभी राहते!'

सगळे थांबले. पुढे मलाही थांबता येईना. चांदबीबी हे नाव त्यांच्या तोंडात बसेना म्हणून शांदा. मुघल कोणाला माहीत नाहीत म्हणून इंग्रज. बाकी शब्द न् शब्द तुमचा.

आता रोज दोन बस येतात. इथल्या गावप्रमुख डोना फिलोमेना आहेत, तुम्हाला पत्र त्यांच्याच कचेरीतून आलं; वयाने तुमच्याएवढ्या आणि रागाने थोड्या कमी. त्यांच्या बहिणीने खाणावळ काढलीय. मका आणि घेवडा रात्रभर भिजवून घट्ट शिजवतात, त्याला कशुपा म्हणतात, तो खायला पाहुणे रांग लावतात. बिल्ला गेला तर बस बंद. बस बंद तर सगळ्या जणी पुन्हा रस्त्याकडे तोंड करून.

तुम्ही फक्त एक ओळ लिहा. 'असे घडले असणे शक्य आहे.' एवढंच.

तक्रारीचं विशेष काही नाही. एक डच पाहुणा आहे, चिडका.

तुमचा,
अमृत


पुणतांबा
९ फेब्रुवारी

चि. अमृत यास,

आशीर्वाद.

ती ओळ मी लिहिणार नाही. 'शक्य आहे' या दोन शब्दांवर मी बत्तीस वर्षं लाल रेघ मारली आहे.

शनिवारी राहात्याच्या वाचनालयात जाऊन तुझ्या देशाची माहिती काढली. जे तिथे नव्हतं ते फरहीनने संगणकावर शोधून छापून दिलं. तू तिथे अकरा वर्षं राहतोस, तर आता तुझ्याच देशाचा इतिहास पुणतांब्याहून ऐक.

पंधराव्या शतकात पोर्तुगीज येईपर्यंत त्या बेटांवर माणूस नव्हता. मग आफ्रिकेतून माणसं पकडून तिथे आणली आणि तिथून अमेरिकेकडे विकली. शंभरांनी नव्हे, हजारांनी. इंग्रजांनी १५८५ मध्ये हल्ला केला तो सांतियागो बेटावरच्या राजधानीवर. तुझ्या साल बेटावर तेव्हा आणि पुढेही दीडदोनशे वर्षं वस्ती अशी नव्हतीच, शेळ्या सोडलेल्या होत्या. मग १५९५ मध्ये तोफ कोणी डागली? शेळ्यांनी?

पुढे मीठ सापडलं, जहाजं भरभरून ब्राझीलला गेलं. दुष्काळ तर असे पडले की आपला बहात्तरचा त्यापुढे सौम्य वाटावा. १९७५ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी मी बी.ए. झाले आणि मला या गोष्टीचा पत्ताही नव्हता, हे माझं अज्ञान. आता देशाच्या कमाईचा जवळजवळ पाव हिस्सा पाहुण्यांवर चालतो. म्हणजे तुझ्या त्या बायकांचं रस्त्याकडे बघणं मला कळलं. पण ज्या भूमीवर इतकं खरं घडलं आहे, तिथे नगरहून राणी उसनी न्यावी लागते? मिठाची पोती कोणाच्या डोक्यावरून गेली ते सांग ना. त्या बायकांच्या पणज्यांच्याच डोक्यावरून गेली असतील. विचारलंस कधी?

पुणतांब्यात माणसं येत नाहीत म्हणून आम्ही कोणी खोटं सांगत बसलो नाही.

कचेरीला मी उत्तर लिहून ठेवलं आहे. त्यात 'सदर इसमाचे कथन निराधार आहे' असं वाक्य आहे. उद्या पाठवणार. वाईट वाटून घेऊ नकोस, आणि घेतलंस तर घे.

एक राहिलं. नाण्यांची आख्यायिका मला माहीत आहे, वर्गात सांगताना ती आख्यायिका आहे हेही मी सांगत असे. पण 'खाद्यपदार्थ' ही काय भानगड आहे? तोफेत तू काय घातलंस? पोहे?

तुझी आत्या,
रोहिणी


पोर्तो मान्सो
१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

फोटो मिळाल्या मिळाल्या लिहितोय. ते उत्तर पाठवू नका. फरहीनताई, हे आधी तुम्ही वाचाल, तर बाईंच्या हातून तो कागद काढून घ्या.

पोहे नाहीत, आत्या. भाकरी.

नववी ब, सन १९९८, शनिवार, शेवटचा तास. उकाडा. निम्मा वर्ग पेंगलेला, मागच्या बाकावरचे तर चक्क घोरत होते. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, 'नाणी संपली. मग राणीने मुदपाकखान्यात निरोप धाडला: आठ दिवसांच्या वाळलेल्या भाकऱ्या आणा!' तोफेत भाकऱ्या ठासल्या. पहिली भाकरी सुटली ती सरदाराच्या पगडीवर. दुसरी हत्तीच्या सोंडेवर, आणि हत्ती उलटा फिरून आपल्याच छावणीत घुसला. 'म्हणून,' तुम्ही म्हणालात, 'शिळ्या अन्नाला नावं ठेवू नयेत.' सगळा वर्ग जागा झाला. घंटा झाली तरी कोणी उठेना.

सहामाहीला मी हे लिहिलं, हत्तीसकट. तुम्ही त्यावर लाल रेघ मारून लिहिलंत, 'पुस्तकात कुठे आहे?' त्यातच माझा तो एक गुण गेला.

मी नंतर खरंच शोधलं. नगरच्या वाचनालयात शोधलं, गोव्यात असताना शोधलं. आत्या, ते कुठल्याच पुस्तकात नाही. तुम्हीच सांगितलंत.

आता तक्रारीचं खरं सांगतो. मी इथे भाकरीची गोष्ट सांगितली ती लोकांना लईच आवडली. मग बायकांनी मक्याच्या जाड भाकऱ्या थापल्या, पत्र्यावर चार दिवस वाळवल्या आणि 'राणीचा तोफगोळा' म्हणून विकायला ठेवल्या. ही आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू आहे, खायची नाही, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. त्या डच पाहुण्याने ऐकलं नाही. दाढेचा तुकडा पडला. तो दातासाठी चिडलेला नाही. तो म्हणतो, एवढी टणक भाकरी इतिहासात होती याचा पुरावा दाखवा, मग तक्रार मागे घेतो.

पुरावा तुम्ही आहात.

अमृत


पुणतांबा
२० फेब्रुवारी

चि. अमृत यास,

आशीर्वाद.

दहा दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फरहीनला म्हणाले, मुलगा धादांत खोटं बोलतो आहे. ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "बाई, मी तुमच्या ब्याण्णवच्या तुकडीतली. तेव्हा हत्ती नव्हता. उंट होता."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या टाचणवह्या काढल्या. चांदबीबीच्या पानावर समासात माझ्याच अक्षरात बारीक लिहिलेलं सापडलं: 'शनि. शेवटचा तास – भाकरी सांगणे.' म्हणजे एकदा चुकून तोंडातून निघालं असंही नाही. मी तयारी करून जात असे.

तुझी उत्तरपत्रिका मला आठवते. तुला वाटतं मी विसरले होते. विसरले नव्हते. तपासनीस येणार होते, आणि माझी थाप मुलाच्या पेपरात शाईने लिहिलेली त्यांनी वाचली असती. म्हणून रेघ मारली. तो गुण तुझा होता. आता देते. पस्तीस. पास.

आधीचं उत्तर फाडलं. कचेरीला आज जे पाठवलं त्याची नक्कल खाली देते:

'महोदया, राणी चांदबीबी ही अहमदनगरची. ती आपल्या बेटावर कधीही आली नाही. तिने तिथे लढाई केली नाही. इंग्रजांशी तर कुठेच केली नाही. सोन्याच्या नाण्यांची गोष्ट ही आख्यायिका आहे. भाकऱ्यांची गोष्ट खोटी असून ती मी रचली. कारण, विद्यार्थी झोपले होते. श्री. अमृत यांनी ती रचली नाही, फक्त वाहून नेली. भिंत मिठाच्या कोठाराची आहे आणि तिचा खरा इतिहास आपल्याच गावातल्या वृद्ध स्त्रियांना विचारावा, अशी माझी सूचना आहे. मी प्राध्यापक नाही, डॉक्टर नाही. भाकरी इतकी टणक होऊ शकते याचा पुरावा हवा असल्यास आमच्या भागातली बाजरीची पाठवीन. आपल्याकडेही ही दुरुस्ती व्हावी, अशी अपेक्षा आहे.'

याने तुझा बिल्ला जाईल की राहील ते मला सांगता येत नाही. खोटं सांगून तो मला वाचवता आला असता. मी वाचवला नाही. पण तुझ्यावर ढकलून मी मोकळीही झाले नाही, एवढं लक्षात ठेव.

आत्या


पोर्तो मान्सो
१ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

काल बैठक झाली. शाळेच्या व्हरांड्यात. सगळं गाव, खाणावळीतल्या बायका आणि तो डच सुद्धा, गालाला हात लावून. खास थांबला होता.

डोना फिलोमेना यांनी तुमचं पत्र उभं राहून वाचलं, एकेक वाक्य आपल्या भाषेत करून. 'ती मी रचली' आलं तेव्हा मला वाटलं, संपलं. मग 'कारण, विद्यार्थी झोपले होते' आलं. मागच्या ओळीत एक निवृत्त मास्तर बसतात, नव्वदीचे. ते एकटेच हसायला लागले, खुर्चीवरून घसरेपर्यंत. म्हणाले, मी तर वर्गाला देवमासा सांगायचो. मग सगळेच सुटले.

डच म्हणाला, माझी तक्रार मागे. अशी लेखी कबुली माझ्या देशात कोणी देणार नाही. ते पत्र त्याला चौकटीत बसवून हवंय.

मग एका आजीने, बिया तिचं नाव, हात वर केला आणि सांगितलं की तिची आजी त्याच कोठारातून डोक्यावर मीठ वाहायची. खेप वाहताना त्या बायका कोणतं गाणं म्हणायच्या तेही म्हणून दाखवलं. आत्या, मी तिच्या शेजारच्याच घरात राहतो. दोन वर्षांत विचारलं नव्हतं. मान खाली घालून बसलो.

निकाल असा. गोष्ट बंद करायची नाही, पण आधी मिठाचा इतिहास, आजीच्या तोंडून, पूर्ण. त्यानंतर मी सांगायचं: 'आणि आता भारतातल्या एका बाईंनी शनिवारी शेवटच्या तासाला मारलेली थाप ऐका.' भिंतीवर पाटी लागणार: 'इथे लढाई झाली नाही.' भाकरी दोन दिवसच वाळवायची.

पण बिल्ला अजून त्यांच्याच ड्रॉवरमध्ये आहे. डोना म्हणाल्या, "तुझ्या आत्याने आम्हाला दुरुस्ती करायला सांगितली. बरोबर आहे. आम्ही केली. त्यांनी त्यांच्या गावात केली का? ज्या मुलांना सांगितलं, त्यातल्या निदान दहा जणांना लेखी दुरुस्ती दिल्याचं आणि त्यांनी ती घेतल्याचं मला कळू दे. सह्यांसकट. मग बिल्ला."

मी म्हणालो, आत्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मी बहात्तर आहे."

काय करू?

अमृत


पुणतांबा
१६ मार्च

डोना फिलोमेना यांस, चि. अमृतमार्फत.

आपली मागणी रास्त आहे. विवरण पुढीलप्रमाणे. सह्यांची पानं सोबत आहेत. प्रत्येकास दुरुस्तीपत्रक एक, फरहीनच्या दुकानात छापलेलं, मजकूर: 'राणी चांदबीबीने तोफेतून भाकरी डागली नाही. हत्तीस किंवा उंटास काही झाले नाही. चुकीबद्दल दिलगीर आहे. – रो. धनवटे.'

१. फरहीन शेख, तुकडी १९९२. सुपूर्द. उंटाचा उल्लेख तिच्या आग्रहाने घातला.

२. डॉ. राजनंदिनी, दंतवैद्य, राहाता. सुपूर्द. त्या वेळी मी खुर्चीत होते व तोंडात तिची उपकरणं होती, म्हणून काही न बोलता पत्रक हातात दिलं. तिने वाचलं आणि तिला इतकं हसू आलं की दात दुसऱ्या दिवशी काढावा लागला.

३. उझैर, टेम्पोचालक. बाजारतळावर टेम्पो थांबवून दिलं. म्हणाला, "बाई, माज्या पोरांना शिळी भाकर मी ह्याच गोष्टीवर चारतो. आता काय चारू?" सही दिली.

४. ज्ञानेश्वर, ग्रामपंचायत सदस्य. सुपूर्द. विषय सभेपुढे ठेवू का, असं विचारलं. नको म्हणून सांगितलं. तरी ठेवला.

५. रेश्मा, माध्यमिक शिक्षिका, इतिहास. सुपूर्द. ही स्वतः नऊ वर्षं भाकरी शिकवत असल्याचं आढळलं. तिच्या वर्गासाठी जादा अडतीस प्रती दिल्या. तिने मुलांसमोर पत्रक वाचलं. एका मुलीने विचारलं, "मग हत्ती का पळाला?"

६, ७, ८. एकाच घरातल्या तिघी बहिणी, वेगवेगळ्या तुकड्यांतल्या. एकीला हत्ती, एकीला उंट, एकीला दोन्ही सांगितले गेल्याचं निष्पन्न झालं. तिघींना सुपूर्द. चहा घेतला.

९. रंगनाथ, ऊसतोडणी मुकादम. वाचता येतं, पण चष्मा नव्हता. मीच मोठ्याने वाचून दाखवलं. फडातल्या सर्वांनी ऐकलं. सही दिली.

१०. हनुमंत, तुकडी १९९५. नगरला किल्ल्याच्या रस्त्यावर चहाची गाडी. एस.टी.ने जाऊन समक्ष भेटले. मी पोहोचले तेव्हा तो सहा जणांना लांबून तटबंदीवरचा गोल डाग दाखवत होता. म्हणत होता, "त्यो भाकरीचा वण." पत्रक दिलं. त्याने दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "बाई, तुमी थकलाय. वण हाय की तिथं." मी म्हणाले, भाकरी किल्ल्यातून बाहेर डागली, तर वण आपल्याच भिंतीवर कसा? त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "एखादी वाऱ्यानं परत आली आसंल." मला चहा दिला, स्टूल दिलं, आणि त्या सहा जणांना सांगितलं की ह्याच त्या बाई.

मग पोचपावतीवर पेनाने लिहून दिलं:

'मिळाले. मान्य नाही. – हनुमंत.'